बाप हयात असताना

आमच्या धंद्यात 'डिफॉल्ट व्हॅल्यू' नावाचा एक प्रकार असतो. कोणी काही सांगितलंच नाही, तर काय धरून चालायचं ते आधीच लिहून ठेवायचं. लिहिणारा नोकरी सोडून जातो, कंपनीचं नाव बदलतं, पण ती व्हॅल्यू मात्र जागच्या जागी बसून राहते. कोणी तिच्याकडे बघत नाही. आणि निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

आपल्या कुटुंबकायद्यात अशीच एक डिफॉल्ट व्हॅल्यू १८९० साली लिहिली गेली. कायद्याचं नाव 'पालक व पाल्य अधिनियम', इंग्रज सरकारचा. त्याचं कलम १९ साध्या मराठीत सांगायचं तर असं: मुलाचा बाप हयात असेल, आणि तो कोर्टाच्या मते 'अपात्र' नसेल, तर कोर्टाने त्या मुलाला दुसरा पालक नेमायचा नाही.

म्हणजे दोन अटी. बाप हयात आहे का, हे तपासायला कोर्टही लागत नाही. दुसरी अट मात्र एकशे तीस वर्षांहून जास्त काळ वकिलांना पोसते आहे. अपात्र म्हणजे कोण? बोलीभाषेत आपण ज्याला सरळ नालायक म्हणतो तो? की आणखी कोणी? या लेखात त्या दुसऱ्या अटीबद्दल लिहायचंय, आणि तेही एकाच प्रकारच्या बापाबद्दल. पिणाऱ्या.

माझं आजोळ सेनगाव तालुक्यातलं, हिंगोली जिल्हा. (पुण्यातल्या मित्रांना हिंगोली कुठे, हे सांगायला आधी नांदेड सांगावं लागतं, असो.) तिकडे हा प्रश्न कायद्याच्या भाषेत कोणी विचारत नाही. 'लेकरं कोणाची?' एवढंच विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा माहेर देतं. बाई लेकरं घेऊन भावाकडे येते. चार-सहा महिने राहते. मग दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, तो माळ घालतो, 'आता थेंब नाही' म्हणतो, आणि ती परत नांदायला जाते. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. या सगळ्यात कोर्ट, कायदा, सरकार कुठेच दिसत नाही. मला कुतूहल वाटलं ते याचं, की इतकी वर्षं कायदा नेमका होता कुठे?

तर आधी सेनगावचाच हिशेब. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, परभणी जिल्ह्यात. इंग्रजांचा १८९० चा कायदा तिथे आपोआप लागू नव्हता. वरच्या कोर्टांचा कारभार उर्दूत चाले. आणि आबकारी, म्हणजे दारू-ताडीवरचं उत्पन्न, हा संस्थानाच्या तिजोरीचा एक मोठा आधार होता. १९५१ साली केंद्राने एक कायदा करून पूर्वीच्या संस्थानी राज्यांना केंद्रीय कायदे लागू केले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. आबकारीवर चालणाऱ्या राज्यातून, १९४९ चा दारूबंदी कायदा असलेल्या राज्यात! गावातल्या हातभट्टीला मात्र हा फरक किती कळला असेल, ते तुम्हीच ठरवा.

तिकडे मुंबईत वेगळीच गोष्ट चालू होती. १८५७ साली तिथे डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली, ती पुढे माहीमला. रस्त्यावर सापडलेली, चोरीमारीत अडकलेली पोरं तिथे ठेवायची. १९०८ मध्ये इंग्लंडने मुलांसाठी एक मोठा कायदा केला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ज्या मुलाचा पालक गुन्हेगारी किंवा दारूबाज सवयींमुळे सांभाळ करायला अपात्र आहे, त्या मुलाला कोर्टापुढे आणता येईल. त्याच वळणावर आपल्याकडे प्रांतांचे बाल-अधिनियम झाले: मद्रास १९२०, बंगाल १९२२, मुंबई १९२४. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी सुरू झाली. डोंगरी-उमरखाडीचं बालगृह म्हणून अजूनही मुंबईकरांना ठाऊक आहे, ते तिचंच.

या कायद्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं, ते बघा. गिरण्यांचं शहर, चाळ, गुत्ता, रस्त्यावर भटकणारं पोर. आणि त्यावर उपाय एकच: पोर उचला, संस्थेत ठेवा. बाप गुत्त्यावर होता तिथेच. त्याचं काय करायचं, हे कायद्याने विचारलंच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे एकाच प्रश्नाकडे जाणारे दोन रस्ते तयार झाले. एक रस्ता बापाच्या हक्काचा. आई आणि बाप कोर्टात समोरासमोर, मूल मध्ये. दुसरा रस्ता सरकारचा. मूल 'उपेक्षित' ठरवायचं आणि ताब्यात घ्यायचं. दोन्ही रस्ते वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या कोर्टांत चालत राहिले आणि फारसे कधी भेटलेच नाहीत.

पहिला रस्ता आधी पाहू. मुंबई हायकोर्टाने 'सरस्वतीबाई विरुद्ध श्रीपाद' या १९४१ च्या निकालसंग्रहात छापलेल्या प्रकरणात एक महत्त्वाची गोष्ट मांडली: इथे ना बापाचं हित पाहायचं, ना आईचं, हित पाहायचं ते मुलाचं. आज हे वाक्य गुळगुळीत वाटतं. त्या काळी, कलम १९ डोक्यावर असताना, ते तसं नव्हतं.

मग १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आला. ('अज्ञानत्व' म्हणजे अडाणीपणा नव्हे बरं का, अल्पवयीन असणं! कायद्याचं मराठी हे एक स्वतंत्र प्रकरण आहे.) त्याचं कलम १३ म्हणतं, मुलाचं हित सर्वांत वर. पण कलम ६ म्हणतं, नैसर्गिक पालक बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहील, एवढी सवलत. मुस्लिम कायद्यातही लहान लेकरू आईजवळ, पण पालक बाप, अशीच साधारण विभागणी होती. आणि १८९० चा कायदा तर सर्वांनाच लागू.

आता 'त्याच्यानंतर' म्हणजे काय? बाप मेल्यानंतर? मग बाप जिवंत आहे, पण सकाळी अकराला पारावर झिंगून पडलेला आहे, तर? बँकेच्या फॉर्मवर, शाळेच्या दाखल्यावर, सातबाराच्या व्यवहारात सही कोणाची?

याचं पहिलं ठळक उत्तर सेनगावच्या उत्तरेला लागून असलेल्या विदर्भातून आलं. 'जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान', सुप्रीम कोर्ट, १९७०. विषय शेतजमिनीचा. अल्पवयीन मुलीच्या जमिनीचा व्यवहार आईने केलेला. बाप हयात, पण नवरा-बायको वीस वर्षांहून जास्त काळ वेगळे, आणि मुलीचं सगळं आईच पाहत आलेली. आईला तो अधिकार होता का? कोर्ट म्हणालं, होता. बाप नुसता जिवंत असून भागत नाही. त्याने मुलीकडे कधी पाहिलंच नसेल, तर अशा परिस्थितीत आईलाच नैसर्गिक पालक धरता येईल. या प्रकरणात दारूचा संबंध नव्हता. पण 'हयात' या शब्दाला पहिली चीर इथे पडली, आणि ती एका शेताच्या बांधावर पडली, याची मला फार मजा वाटते.

दुसरं उत्तर जास्त प्रसिद्ध आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली. नवऱ्याची संमती होती. बँकेने अर्ज परत पाठवला: वडिलांची सही आणा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि निकाल लागला फेब्रुवारी १९९९ मध्ये. (त्याच वर्षी १ मे रोजी हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला.) कोर्टाने 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'त्याच्या अनुपस्थितीत' असा लावला. आणि अनुपस्थिती म्हणजे मृत्यू नव्हे. बाप त्याच छताखाली राहत असेल, पण मुलाबाबत पूर्ण बेपर्वा असेल, किंवा आजारामुळे वा अन्य कारणाने पालक म्हणून काम करायला असमर्थ असेल, तरी तो 'अनुपस्थित' धरता येतो.

हे वाचताना मी थांबलो होतो. घरात असलेला, पण नसलेला माणूस. सेनगावकडच्या कुठल्याही बाईला ही व्याख्या समजावून सांगावी लागणार नाही.

२०१० मध्ये १८९० च्या त्या कलमातही दुरुस्ती झाली आणि बापाच्या जोडीला 'आई' हा शब्द आला. म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यू बदलायला १२० वर्षं लागली. आमच्याकडे एखादा बग इतका जुना झाला तर त्याला 'फीचर' म्हणतात. इथे त्याला 'परंपरा' म्हणत होते, एवढाच फरक.

पण एक सांगतो. हा सगळा रस्ता ज्या बाईला तालुक्याहून जिल्ह्याच्या कोर्टात जाता येतं तिच्यासाठी आहे. पालकत्वाचा अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे. पुण्यामुंबईत अशी न्यायालयं १९८९ पासून आहेत. सेनगावच्या बाईला मात्र एसटी पकडून हिंगोली, वकिलाची फी, तारखेवर तारीख, आणि प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी. हक्क मिळाला, पण पोचायला गाडीभाडं नाही.

म्हणून मला वाटतं, खेड्यातल्या बाईच्या दृष्टीने यापेक्षा मोठा बदल २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने झाला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. एक तर अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी तालुक्यातच. त्यातल्या कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. आणि कलम १९ खाली कोर्ट मारझोड करणाऱ्या माणसालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. तोपर्यंतचा रिवाज काय होता? पिणारा घरात, आणि बायको-लेकरं माहेरी. १९२४ च्या कायद्यातही पोरच घराबाहेर. इथे पहिल्यांदा कायद्याने विचारलं की घर कोणी सोडायचं? माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे.

आता दुसरा रस्ता, सरकारचा. १९८६ चा बाल न्याय कायदा, मग २०००, मग २०१५. १९०८ च्या इंग्रजी कायद्यात 'दारूबाज सवयी' असं स्पष्ट होतं. १९८६ च्या आपल्या कायद्यात नुसतं 'अपात्र किंवा असमर्थ पालक' उरलं, आणि २०१५ मध्येही तसंच. म्हणजे दारूचं नाव गेलं, अर्थ तेवढा राहिला. हे चांगलंही आहे. नुसता पितो म्हणून कोणी अपात्र होत नाही, पिण्याने लेकराचं काय होतं हे पाहायचं.

पाहणार कोण? बाल कल्याण समिती. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मूल सापडल्यापासून २४ तासांत समितीपुढे आणायचं (प्रवासाचा वेळ सोडून), १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल, चार महिन्यांत अंतिम आदेश. समितीचा आदेश पटला नाही तर ३० दिवसांत अपील. कलम ३ मध्ये तत्त्वंही लिहिली आहेत: संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आणि मूल शक्य तितक्या लवकर कुटुंबात परत. मुलाला दारू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. कागदावर हा कायदा खरंच चांगला आहे.

पण त्यात एक पायरी गाळलेली आहे. मूल कुटुंबात परत द्यायचं म्हणता. ठीक. पण बापाच्या पिण्यामुळे ते बाहेर आलं असेल, तर परत देण्याआधी बापाचं काय व्हायला हवं? त्याला उपचाराला कोण पाठवणार, त्याने उपचार पूर्ण केले का हे दर महिन्याला कोण पाहणार, पुन्हा घसरला तर काय? यासाठी आपल्याकडे वेगळं न्यायालय नाही, वेगळी ठरलेली पद्धत नाही. हिंसाचाराच्या कायद्यात दंडाधिकारी समुपदेशनाला पाठवू शकतो, तेवढंच. १९२४ ला बाप जिथे होता, तिथेच आजही आहे!

मग गाव काय करतं? गाव बाटलीकडे वळतं. राज्याच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर परवान्याच्या दारू दुकानावर गुप्त मतदान घ्यावं लागतं. 'उभी बाटली' म्हणजे चालू ठेवा, 'आडवी बाटली' म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. मला हे मतदान म्हणजे एका अर्थाने सामूहिक ताबा-अर्जच वाटतो. एकटी बाई कोर्टात सांगू शकत नाही की माझा नवरा अपात्र आहे. चारशे बाया मिळून सांगतात की दुकान अपात्र आहे. कोणाच्याच घराचं नाव निघत नाही, कोणाचीच अब्रू जात नाही. पण हातभट्टीला परवाना नसतो, आणि जे बंदच करायचं ते आधीच बेकायदा असेल तर मतदान कशावर घेणार?

बाहेरच्या जगाने काय केलं? अमेरिकेने १९९७ मध्ये एक कडक कायदा केला. मूल मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने सरकारी देखरेखीतल्या परक्या घरात असेल, तर काही अपवाद सोडून, सरकारने आईबापांचं पालकत्वच संपवायचा अर्ज करायचा. कायमचं. यामागचा विचार क्रूर नव्हता. लेकराचं बालपण थांबून राहत नाही, बाप सुधरेपर्यंत त्याने किती वाट पाहायची? पण व्यसनातून बाहेर पडणारा माणूस दोनदा-तीनदा घसरतो, हेही तितकंच खरं. दोन घड्याळं आहेत, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

यातून तिकडेच एक वेगळी वाट निघाली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर नेवाडातल्या रेनो शहरात खास व्यसनी पालकांसाठी कुटुंब न्यायालय सुरू झालं. लंडनमध्ये निकोलस क्रिक्टन या न्यायाधीशांनी २००८ मध्ये तसंच सुरू केलं. तिथे एकच न्यायाधीश शेवटपर्यंत प्रकरण पाहतो, आणि दर पंधरा दिवसांनी आई किंवा बापाशी थेट बोलतो, वकील मध्ये न घेता. उपचार करणारी टीम कोर्टाच्या जोडीला असते. शेवटी मूल परत द्यायचं की नाही हे ठरतंच, पण त्याआधी माणसाला एक खरी संधी दिलेली असते, आणि तिला मुदतही असते.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं तुम्ही म्हणाल. माणसं नाहीत, पैसा नाही. पण अर्धं सामान घरात आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, आणि व्यसन हा आजार आहे, उपचारात घरच्यांनाही धरायला हवं, ही गोष्ट मराठी माणसाला समजावली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत आणल्या आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. त्याच कायद्यात एक छोटं कलम आहे: उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल शक्यतो वेगळं करायचं नाही. म्हणजे उपचार आणि मूल यांचा एकत्र विचार कायद्याला सुचू शकतो. तो अजून ताब्याच्या कोर्टापर्यंत पोचलेला नाही, इतकंच.

आणि हा प्रश्न फक्त सेनगावचा आहे असं समजू नका. हिंजवडी-खराडीतल्या घटस्फोटांतही 'तो पितो', 'ती पिते' हे हत्यार म्हणून वापरलं जातं. अशा भांडणात उपचाराला गेलेल्या माणसाला भीती असते की आपली केंद्रातली फाइल उद्या आपल्याच विरुद्ध कोर्टात येईल. मग तो जातच नाही. जो लपवून पितो त्याच्याकडे कागद नाही, आणि जो बरा व्हायला गेला त्याच्या नावावर पुरावा! याहून उलटी रचना मी तरी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही, आणि वाईट सॉफ्टवेअर मी पुष्कळ पाहिलंय.

थोडक्यात काय, तर १८९० च्या कायद्याचा प्रश्न होता, बाप हयात आहे का. विसाव्या शतकाने विचारलं, बाप लायक आहे का. दोन्ही प्रश्नांची उत्तरं हो किंवा नाही अशी येतात, म्हणून कायद्याला ते आवडतात. पुढचा प्रश्न अवघड आहे: बाप लायक होऊ शकतो का, किती दिवसांत, आणि तोवर लेकरू कुठे झोपेल? हा प्रश्न विचारायला आपल्याकडे अजून कुठल्याच कोर्टाला बसवलेलं नाही. तो भावाच्या ओसरीवर बसलेल्या चार माणसांवर सोडलाय, आणि त्यांच्याजवळ माळेशिवाय दुसरं औषध नाही.

तोपर्यंत दोन उपयोगाच्या गोष्टी. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो, शेजाऱ्यालाही लावता येतो. आणि राज्याची बाल संगोपन योजना आहे, जिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये झाली. संकटातल्या घरातलं मूल संस्थेत न जाता घरीच वाढावं यासाठी. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. तुमच्याही आजोळी अशी एखादी ओसरी असेल, तर तिथे हे सांगा.